राउरकेला, 13 जानेवारी

पहाटे साडेपाच

नागपूरहून निघालेली गाडी राउरकेलाला लागली तेव्हा झुंजूमुंजूही झालं नव्हतं. मुंबई-हावडा मार्गावरचं हे स्टेशन एरवी पोलादाच्या कारखान्यामुळे लोकांना माहीत असतं. माझ्या डब्यात कारखान्यात कामाला निघालेले वेल्डर होतेच, पण राजनांदगावला चढलेली पोरं वेगळी होती. प्रत्येकाच्या पाठीवर स्टिकची लांब पिशवी. राजनांदगाव हे हॉकीचं जुनं गाव. ही पोरं तिकिटं काढून भारताचा सामना बघायला चालली होती आणि रात्रभर पेनल्टी कॉर्नरवर वाद घालत होती. त्यांच्यामुळे झोप झाली नाही, पण त्याचं वाईट वाटलं नाही. क्रिकेटवर असं भांडणारी पोरं रोज दिसतात. हॉकीवर भांडणारी मी फार दिवसांनी ऐकली.

2023 च्या हॉकी विश्वचषकाचा आज पहिला दिवस. उद्घाटन सोहळा 11 तारखेला कटकच्या बाराबती स्टेडियमवर झाला होता, खेळ आजपासून. दुपारचे दोन सामने भुवनेश्वरला आणि संध्याकाळचे दोन इथे, आठवडाभरापूर्वी उघडलेल्या बिरसा मुंडा स्टेडियमवर. पाच वाजता इंग्लंड-वेल्स, सातला भारत-स्पेन. माझं काम दिवसभर बघायचं आणि रात्री अकराच्या आत पुण्याला मजकूर धाडायचा.

सकाळी आठ

खोलीवर बॅग टाकली, अंघोळ उरकली आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर बरा-घुगुनी खाल्ली. बरा म्हणजे उडदाचा वडा, घुगुनी म्हणजे वाटाण्याची दाट उसळ. थंडीत गरम पडलं की बरं वाटतं. टपरीवाल्याने मी पत्रकार आहे हे गळ्यातल्या दोरीवरून ओळखलं आणि मी न विचारता मायकेल किंडोंचं नाव काढलं. म्हणाला, ‘साहेब आज असायला हवे होते.’

किंडो आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते आणि 1975 ला क्वालालंपूरला आपण जो एकमेव विश्वचषक जिंकला त्या संघातही होते. फुलबॅक खेळायचे. राउरकेलाच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाल्यावरही याच गावात राहिले. 31 डिसेंबर 2020 ला इथल्याच इस्पात जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. या स्टेडियमची घोषणा त्याच महिन्यात झाली होती.

सकाळी साडेनऊ

रिक्षावाल्याला फक्त ‘स्टेडियम’ म्हटलं. छेंड वसाहतीच्या अंगाला बिजू पटनाईक तंत्रज्ञान विद्यापीठाचं आवार आहे, त्यातली जागा स्टेडियमला दिली. रस्त्याच्या कडेच्या भिंतींवर गोलरक्षक, स्टिका, धावणाऱ्या मुली रंगवलेल्या. ओळखपत्र तपासणं, सामानाची झडती, मग एक शिक्का, मग दुसरा. तासभर त्यातच गेला.

मैदानाचा आकडेवारीचा भाग पटकन सांगून टाकतो. पायाभरणी फेब्रुवारी 2021, प्रत्यक्ष बांधकाम सुमारे 15 महिने, उद्घाटन 5 जानेवारी 2023. खुर्च्या 20,011. सगळ्या प्रेक्षकांना बसायला खुर्ची असलेलं हे जगातलं सर्वांत मोठं हॉकीचं मैदान, अशी पुढे गिनीज बुकातही नोंद झाली. लाहोरच्या नॅशनल स्टेडियममध्ये याहून जास्त माणसं मावतात, पण तिथे सगळ्यांना खुर्ची नाही. खेळाडूंना राहायला शेजारीच 225 खोल्यांचं संकुल आहे. गावाच्या विमानतळावर याच महिन्यात प्रवासी विमानं उतरू लागली.

हे सगळं भुवनेश्वरला करणं सोपं होतं. तिथे विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, कलिंगा स्टेडियम आहे, 2018 चा विश्वचषक तिथेच झाला. मग सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त आत, डोंगराळ मुलखात, वीस हजारांचं मैदान कशाला? याचं उत्तर दुपारी गेटबाहेर मिळालं. त्याआधी आत जाऊन आलो.

सकाळी अकरा

रिकाम्या स्टेडियममध्ये उत्तरेकडच्या स्टँडवर सगळ्यात वर जाऊन बसलो. चांगलं मैदान ओळखायची माझी एकच कसोटी आहे. सगळ्यात स्वस्त जागेवरून चेंडू दिसतो का? हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा, पांढरा, आणि तो ताशी शंभरावर किलोमीटरने जातो. ज्या मैदानांत हॉकीबरोबर धावण्याचा ट्रॅकही कोंबलेला असतो तिथे प्रेक्षक इतका लांब बसतो की गोल झाल्याचं त्याला खेळाडूंच्या हातवाऱ्यांवरून कळतं. इथे ट्रॅक नाही. स्टँड चढे आहेत आणि टर्फच्या जवळ आहेत. खाली एक कर्मचारी गोलच्या मागची फळी पुसत होता, त्याच्या हातातलं फडकं मला वरून दिसत होतं. कसोटीला मैदान उतरलं.

शेजारी सरावाचं दुसरं टर्फ आहे आणि खेळाडूंना तिथून मुख्य मैदानात यायला बोगदा आहे. सामन्याआधी सराव करून खेळाडू गर्दीत न अडकता थेट आत येतात. हॉकीत हात गरम राहणं फार महत्त्वाचं. ज्याने हे डोक्यात ठेवून नकाशा काढला त्याला खेळ कळतो.

दुपारी एक

माध्यम कक्षातल्या टीव्हीवर भुवनेश्वरचा अर्जेंटिना-दक्षिण आफ्रिका सामना सुरू झाला, तसा मी बाहेर पडलो. अजून सहा तास होते, आणि रस्ता भरायला लागला होता.

सुंदरगढ जिल्ह्याची माणसं येत होती. जीप, टेम्पो, मोटारसायकल, काही चालत. ओराँव, मुंडा, खडिया, किसान अशा आदिवासी जमातींची. ओडिया कमी आणि सादरी जास्त कानावर पडत होती. बायकांच्या कडेवर मुलं, पाठीला शिदोरी. एका शाळेच्या तीसेक मुली दोन रांगांत, स्वेटरवर एकसारख्या टोप्या. त्यांच्या बाई म्हणाल्या की यातल्या निम्म्या रोज सकाळी खेळतात, बाकीच्यांना स्टिक मिळाली की त्याही खेळतील.

सावलीला बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोललो. सत्तरीच्या पुढचे, उजव्या हाताची करंगळी वाकडी. ‘स्टिक लागली होती,’ म्हणाले, आणि कितव्या साली कुठल्या गावात ते सांगू लागले. या भागात खस्सीच्या स्पर्धा होतात. कापणी झाली की मोकळ्या शेतात मैदान आखायचं, गावोगावच्या संघांनी यायचं, जिंकणाऱ्याला बक्षीस बोकड. खस्सी म्हणजे बोकडच. त्याच रात्री तो शिजतो आणि गाव जेवतं. पूर्वी स्टिका विकतच्या नव्हत्या, झाडाची वाकडी फांदी तोडून तासायची. बाबांनी मला जमिनीवर बोट फिरवून दाखवलं की फांदी कुठे वाकलेली हवी. वाक फार पुढे गेला तर चेंडू सटकतो, मागे राहिला तर उलटी बाजू वापरता येत नाही. त्यांनी दाखवलेला वाक आजच्या कार्बन फायबरच्या स्टिकहून फार वेगळा नव्हता.

दिलीप तिर्की याच मातीतले. भारताकडून चारशेवर आंतरराष्ट्रीय सामने खेळले, पुढे हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. त्यांचं गाव सौनामारा. या विश्वचषकातला भारताचा उपकर्णधार अमित रोहिदास हाही सौनामाराचाच. नीलम संजीप खेस कडोबहालचा. मुलींमध्ये दीपग्रेस एक्का, लिलिमा मिंज, सुनीता लाक्रा, नमिता टोप्पो. हे सगळे एकाच जिल्ह्यातले. राउरकेलाच्या पानपोशला 1985 पासून क्रीडा वसतिगृह आहे. खेड्यातलं पोर तिथे येतं, तिथून थेट भारताच्या संघात जातं.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. राउरकेलाचा पोलाद कारखाना 1950 च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभा राहिला. त्यासाठी आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या मंदिरा धरणासाठी आदिवासींची गावंच्या गावं उठवली गेली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नातवंडं आज या रांगेत उभी होती. वीस हजार खुर्च्यांनी त्या जमिनीची भरपाई होत नाही, कुणी तसं म्हणूही नये. पण या लोकांनी देशाला इतके खेळाडू दिले आणि देशाचा मोठा सामना मात्र त्यांना कायम टीव्हीवर बघावा लागला. तो सामना आज त्यांच्या दारात आला होता. मैदानाला आदिवासींचे नेते बिरसा मुंडा यांचं नाव आहे, आणि ते इथे बाहेरून आणून चिकटवलेलं वाटत नाही.

दुपारी चार

जेवण उभ्या उभ्या झालं. चारच्या सुमाराला टर्फवर पाणी मारायला सुरुवात झाली. हे मी कधी चुकवत नाही.

हॉकीचं आंतरराष्ट्रीय टर्फ ओलं असावं लागतं. त्याचे कृत्रिम धागे आखूड आणि दाट असतात. कोरडे असले तर चेंडू घासत, उड्या मारत जातो आणि खेळाडू पडला की कातडी सोलून निघते. पाणी मारलं की चेंडू सरळ आणि वेगात पळतो. मैदानाच्या कडांना बसवलेल्या मोठ्या पाणतोफा एकेक करून फिरू लागल्या. पाण्याचा जाड फवारा अर्धं मैदान ओलांडून पडत होता, निळं टर्फ आधी गडद होत गेलं आणि मग चकाकू लागलं. एक कर्मचारी अनवाणी चालत जाऊन टाचेने जागोजागी दाबून बघत होता. एका ठिकाणी, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, डाव्या कोपऱ्यापाशी तो थांबला, पुन्हा दाबलं आणि हात वर केला. त्या बाजूची तोफ परत फिरली. मी त्याला विचारलं, कसं कळतं? तो म्हणाला, टाचेखालून किती पाणी येतं त्यावरून. अनुभवाने कळतं.

या पाण्याचा आपल्या हॉकीशी जुना हिशेब आहे. 1975 ला आपण विश्वचषक जिंकलो ते गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि भारत सातवा आला. 1928 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक घेऊन येणारा संघ पहिल्यांदा रिकाम्या हाताने परतला. त्यामागे इतरही कारणं होती, पण युरोपात गावोगावी टर्फ अंथरलं गेलं आणि आपल्याकडे राष्ट्रीय शिबिरात पोचेपर्यंत खेळाडूला टर्फ बघायला मिळत नव्हतं, हे मोठं कारण. खस्सीच्या शेतात खेळलेला पोरगा ओल्या टर्फवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्याचा चेंडू थांबतच नाही, स्टिकखालून निघून जातो. ते अंगवळणी पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. ती वर्षं लहानपणीच मिळाली तर पुढचा खेळाडू वेगळाच घडतो. म्हणून टर्फ मुलांच्या गावात हवं, राजधानीत असून भागत नाही.

संध्याकाळी पाच

इंग्लंड-वेल्स. वेल्सचा हा पहिलाच विश्वचषक. या मैदानावरचा विश्वचषकातला पहिला गोल पहिल्याच मिनिटात झाला, इंग्लंडच्या निकोलस पार्कने केला, तेव्हा अर्धे प्रेक्षक अजून गेटवर होते. लियाम अन्सेलने दोन मारले, इंग्लंड 5-0 जिंकलं.

निकाल अपेक्षित होता, त्यात जास्त वेळ घालवत नाही. लक्षात राहिले ते प्रेक्षक. वेल्सच्या गोलरक्षकाने पाय पसरून एक चेंडू अडवला तेव्हा टाळ्या पडल्या. वेल्सच्या बचावपटूने दोघांच्या मधून पास काढला तेव्हाही पडल्या. या लोकांचं त्या संघांशी काही नातं नव्हतं. चांगल्या खेळाला दाद देत होते. बरीच वर्षं हॉकी लिहितोय, पण परक्या संघांच्या एकतर्फी सामन्यात प्रेक्षकांनी पाससाठी टाळी दिलेली आपल्याकडे क्वचितच पाहिली आहे.

संध्याकाळी सात

राष्ट्रगीताला वीस हजार माणसं उभी राहिली. पत्रकार कक्षाची काच थरथरत होती. पहिलं सत्र मी तिथून पाहिलं.

सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा. भारत सुरुवातीपासून चढून खेळत होता. बाराव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. ज्यांनी हॉकी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ला करणारा एक खेळाडू गोलच्या खांबापासून दहा मीटरवर मागच्या रेषेवर उभा राहतो आणि चेंडू आत ढकलतो. डीच्या टोकाला एक जण तो थांबवतो, दुसरा गोलवर मारतो. बचाव करणारे गोलीसकट फक्त पाच जण, तेही गोलच्या मागच्या रेषेवर. चेंडू हलला की त्यांनी धावत सुटायचं. ढकलण्यापासून फटक्यापर्यंत दीड-दोन सेकंदांचा खेळ.

कर्णधार हरमनप्रीत सिंगने ड्रॅगफ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत नेऊन फेकायचा फटका, मारला. समोरून धावत आलेल्या स्पेनच्या खेळाडूला लागून चेंडू परतला, आणि तो जिथे आला तिथे अमित रोहिदास होता. त्याने थांबून विचार केला नाही. सणसणीत फटका, चेंडू जाळ्यात. 1-0. विश्वचषकाच्या इतिहासातला भारताचा हा दोनशेवा गोल. सौनामाराच्या मुलाने, सौनामाराच्या जिल्ह्यात, पहिल्याच दिवशी पहिला भारतीय गोल केला. कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

सत्र संपल्यावर मी लॅपटॉप शेजाऱ्याच्या हवाली करून उत्तरेच्या स्टँडवर गेलो. सकाळी जिथे बसलो होतो तिथे आता पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर उभा राहिलो. शेजारी दुपारच्या शाळेतल्या मुली. इथून सामना वेगळाच दिसतो. काचेमागे डावपेच दिसतात, इथे आवाज ऐकू येतात. चेंडू गोलच्या फळीवर आदळला की ठण्ण वाजतो, आणि तो आवाज थेट स्टँडपर्यंत पोचतो.

स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाला. भारताचे चार बचावपटू तोंडावर मुखवटे, गुडघ्यावर पॅड चढवून रेषेवर गेले. त्यात सगळ्यात पुढे धावायचं काम अमितचं. याला फर्स्ट रशर म्हणतात. ताशी शंभरावर वेगाने येणाऱ्या ड्रॅगफ्लिकच्या वाटेत अंग घालायचं. चेंडू मांडीला, पोटाला, हाताला कुठेही लागतो. गोल करणाऱ्याचं नाव फलकावर येतं, याचं येत नाही, आणि जगात हे काम अमितइतकं चांगलं करणारे फार थोडे आहेत. माझ्या शेजारची मुलगी, असेल बारा-तेरा वर्षांची, स्पेनकडे बघतच नव्हती. तिचे डोळे अमितच्या पायांवर होते. चेंडू हलला, ती ओरडली, ‘डावीकडून!’ तो डावीकडूनच निघाला होता. फटक्याचा कोन बंद झाला, संकट टळलं. मी तिला विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, ‘मीपण तिथेच धावते.’

सव्विसाव्या मिनिटाला हार्दिक सिंगने डाव्या बगलेवरून चेंडू घेतला आणि एकट्याने पळत डीमध्ये शिरला. त्याने मारलेला चेंडू स्पेनच्या पाऊ कुनिलच्या स्टिकला लागून आत गेला. 2-0. स्टँडमध्ये कोण कुणाला मिठी मारत होतं ते कळत नव्हतं. मलाही दोघांनी मारली.

मध्यंतरानंतर भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. हरमनप्रीत उभा राहिला, स्पेनच्या आद्रियान राफीने अडवला. क्षणभर हळहळ, आणि मग गोलीसाठी टाळ्या. शेवटच्या सत्रात अभिषेकला पिवळं कार्ड मिळालं आणि भारताला दहा जणांत खेळावं लागलं. हा दिवसाचा खरा कस होता. स्पेन गोली बदलून जादा खेळाडू आणेल की काय, घड्याळात किती राहिलं, माझे दोन्ही डोळे फलकावर. लोकांचं मात्र वेगळंच चाललं होतं. भारताच्या खेळाडूने चेंडू कोपऱ्यात नेऊन दाबून धरला की ते जोरात ओरडत, पुढे ढकलला की नाराजीने आवाज काढत. दहा जणांत खेळताना चेंडू आपल्याकडे ठेवायचा असतो, गोल करायला धावायचं नसतं. वीस हजार माणसांना हे ठाऊक होतं. मैदानाबाहेर इतके प्रशिक्षक मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

भारत 2-0 जिंकला. सामनावीर अमित रोहिदास.

रात्री सव्वानऊ

मिक्स्ड झोनमध्ये, म्हणजे सामन्यानंतर पत्रकारांशी बोलायच्या जागी, खेळाडू घामाने आणि टर्फच्या पाण्याने भिजलेले. थंडी दहा-बारा अंशांवर असेल, त्यांच्या अंगातून वाफ निघत होती. प्रश्नोत्तरं नेहमीची. अमितच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. तो हिंदीत सगळ्यांशी बोलला, मग कुणीतरी मागून सादरीत काहीतरी विचारलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. उत्तर मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

रात्री दहा

मजकूर लिहायला बसलो. निकाल, गोल, पिवळं कार्ड हे वीस मिनिटांत झालं. मग पुण्याची खडकी आठवली.

खडकीलाही कारखाना आहे, दारूगोळ्याचा. तिथल्या क्लबच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाचा मुलगा धनराज पिल्ले. वसाहतीतल्या ओबडधोबड मैदानावर, मोडक्या स्टिका जोडून खेळला आणि भारताचा कर्णधार झाला. राउरकेलाची आणि खडकीची गोष्ट सारखीच आहे. कामगार वस्ती, कारखान्याचा क्लब, संध्याकाळी स्टिक घेऊन उतरणारी पोरं. मुंबईत तर 1982 चा विश्वचषक झाला. तिथे आगाखान स्पर्धेला गर्दी व्हायची, गोव्यातून आलेल्या घरांतली मुलं, गल्लोगल्ली क्लब होते. ते प्रेक्षक कुठे गेले असं आपण विचारतो. प्रेक्षक कुठे जात नाहीत. ज्या वस्तीत खेळ असतो तिथे टर्फ आलं नाही, मुलं दुसरीकडे वळली, मुलांमागे आईबाप वळले. ओडिशा सरकारने 2018 पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. ते मोठं काम आहेच, पण मला त्याहून मोठा वाटतो तो हा निर्णय: जिथे खेळाडू जन्माला येतात तिथे पैसा टाकायचा. हे मी बातमीत लिहिलं. संपादकांनी ठेवलं.

रात्री साडेअकरा

बाहेर रस्त्यावर अजून माणसं होती. गावांकडे जाणारे टेम्पो भरून निघत होते. कुणीतरी मांदर, म्हणजे ढोल, काढली होती आणि फाटकापाशी बायका हात धरून नाचत होत्या. राजनांदगावची पोरं भेटली, घसे बसलेले. परवा, 15 तारखेला, भारत-इंग्लंड. तिकिटं मिळाली नव्हती, तरी थांबणार म्हणाली.

तो सामना 0-0 सुटला आणि त्यात हार्दिक जायबंदी झाला. पुढे न्यूझीलंडने शूटआउटमध्ये हरवलं आणि भारताला नवव्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. विश्वविजेता जर्मनी झाला. संघासाठी ती स्पर्धा चांगली गेली नाही. मैदानासाठी मात्र गेली. क्रमवारीच्या सामन्यांसाठी, म्हणजे पदकाशी काही संबंध न उरलेल्या सामन्यांसाठी, भारत पुन्हा राउरकेलाला आला, जपानला 8-0 आणि दक्षिण आफ्रिकेला 5-2 हरवलं. मार्चमध्ये प्रो लीगचे सामने झाले. पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगची पुरुषांची अंतिम लढत 1 फेब्रुवारी 2025 ला याच टर्फवर झाली.

मुंबईहून आणि नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या राउरकेलाला थांबतात. इथल्या सामन्यांचं वेळापत्रक जाहीर झालं की एक सामना निवडा, मुलांना घ्या आणि जाऊन बसा. जागा उत्तरेच्या स्टँडमधली घ्या.